जिमीचा टीव्ही

गोष्ट तशी एका टीव्ही सेटची आहे.

साल १९४८. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये बारा वर्षांचा एक मुलगा दाखल होता. मेन राज्यातल्या एका लहानशा गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा. पोटात कॅन्सर. बेसबॉलचं जबरदस्त वेड, आणि बॉस्टन ब्रेव्हज हा त्याचा लाडका संघ. २२ मे च्या रात्री राल्फ एडवर्ड्स या निवेदकाने हॉलीवूडच्या स्टुडिओतून, आपल्या लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमात, या मुलाशी थेट गप्पा मारल्या. तुझ्या संघात अमुक जागेवर कोण खेळतं? तमुक जागेवर कोण? मुलगा एकेक नाव घेत गेला, आणि ज्याचं नाव घेतलं तो खेळाडू खोलीच्या दारातून आत येत गेला! बॅट, बॉल, सह्या, संघाचा गणवेश... शेवटी सगळ्यांनी मिळून बेसबॉलचं गाणंही म्हटलं. बेसूर, पण जोरात.

कार्यक्रमात मुलाचं नाव सांगितलं 'जिमी'. हे त्याचं खरं नाव नव्हतं. मुलाशी बोलणं संपल्यावर, आता त्याला ऐकू जात नाही याची खात्री करून, एडवर्ड्सने देशभरच्या श्रोत्यांना सांगितलं की जिमीला कॅन्सर आहे आणि त्याला ते माहीत नाही. आणि आवाहन केलं की संशोधनासाठी वीस हजार डॉलर जमवू या. ते जमले तर जिमीला आपल्या संघाचे सामने बघायला एक टीव्ही मिळेल.

गंमत म्हणजे बॉस्टनमध्ये पहिलं टीव्ही केंद्र सुरू झालं ते त्यानंतर, ९ जूनला. म्हणजे पोराने मागितली ती गोष्ट त्या शहरात अजून धड पोचलीही नव्हती.

लोकांनी पैसे पाठवले. त्या वर्षात जमलेला आकडा २,३१,००० डॉलरच्या वर गेला. जिमीला टीव्ही मिळाला. आणि उरलेल्या पैशांतून जे उभं राहिलं, त्याला लोक आजही 'जिमी फंड' म्हणतात.

ही हकिकत मी बऱ्याच ठिकाणी वाचली आहे आणि दरवेळी माझं लक्ष त्या टीव्हीपाशीच अडकतं. पैसे हवे होते प्रयोगशाळेला. मागितले मात्र टीव्हीच्या नावाने. असं का?

आपल्याकडे वर्गणी ही काही नवी गोष्ट नाही. गणपतीची, देवळाच्या जीर्णोद्धाराची, शाळेच्या इमारतीची, आणि अलीकडे कुणाच्या तरी ऑपरेशनची. या सगळ्यांत एक गोष्ट समान असते. पैसे दिले की काहीतरी दिसतं. पावती फाडली की चार दिवसांनी मांडव उभा राहतो. संशोधनाचं तसं नाही. दहा वर्षं पैसे ओतून शेवटी 'या वाटेने जाऊ नका' एवढंच कळतं, आणि तेसुद्धा यश म्हणून मोजायचं असतं! अशा गोष्टीसाठी रस्त्यावरच्या माणसाकडे पैसे मागायचे कसे?

याचं उत्तर अमेरिकनांनी पोलिओच्या निमित्ताने शोधलं होतं. अध्यक्ष रूझवेल्ट स्वतः त्या आजाराने अधू झालेले. १९३८ साली लोकांना सांगण्यात आलं की एक डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, थेट व्हाइट हाउसच्या पत्त्यावर पाठवा. सुमारे २६ लाख ८० हजार नाणी आली! टपालखोलीत पाय ठेवायला जागा उरली नसेल. पुढे याच पैशांवर पोलिओचं संशोधन चाललं आणि १९५५ साली साल्कची लस आली. लहान नाणं आणि कुबड्या घेतलेल्या मुलाचं चित्र, ही जोडी चालते हे तेव्हा सगळ्यांनी पाहून ठेवलं.

बॉस्टनच्या हॉस्पिटलमधले डॉ. सिडनी फार्बर हेही ते पाहत होते. फार्बर हे पेशंट तपासणारे डॉक्टर नव्हेत, पॅथॉलॉजिस्ट. तळघरातल्या प्रयोगशाळेत काचपट्ट्यांवरच्या पेशी बघणं आणि मृतदेहांचं विच्छेदन करणं हे त्यांचं काम. म्हणजे ल्युकेमिया झालेली मुलं त्यांच्यापर्यंत यायची ती सगळं संपल्यावरच. त्या काळी या आजारावर औषध नव्हतं. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत मूल जायचं.

आता इथे थोडं मागे आणि बरंच लांब, थेट आपल्या परळला जावं लागेल. कारण फार्बरना जे औषध सापडलं त्याचा एक धागा गिरणगावातून निघतो.

१९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा मुक्काम होता. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात भयंकर ॲनिमिया व्हायचा आणि त्यात कित्येक दगावायच्या, त्याचं कारण शोधायचं होतं. विल्सबाईंनी त्या बायका काय खातात ते पाहिलं, तसाच आहार उंदरांना, माकडांना देऊन पाहिला. शेवटी मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर रक्त सुधारतं हे त्यांच्या लक्षात आलं. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे दहाएक वर्षांनी त्या पदार्थाला नाव मिळालं, फॉलिक ॲसिड. आज आपल्याकडे प्रत्येक गरोदर बाईला ज्या गोळ्या देतात, त्यातलंच.

धाग्याचं दुसरं टोक आंध्रातलं. भीमावरमला १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचे भाऊ स्प्रू नावाच्या आजाराने गेले. या आजारात खाल्लेलं अंगी लागत नाही आणि रक्त कमी होत जातं. (पुढे कळलं की त्यावर फॉलिक ॲसिडचा उपयोग होतो. नियतीची थट्टा म्हणतात ती हीच.) सुब्बाराव १९२० च्या दशकात बॉस्टनला गेले. भारतातल्या पदवीवर तिथे डॉक्टरकी करता येईना, तेव्हा पोटासाठी एका हॉस्पिटलमध्ये रात्रपाळीला वॉर्डबॉयचं काम केलं, पेशंटांची भांडी साफ केली. दिवसा हार्वर्डमध्ये संशोधन. तिथे नाव झालं तरी कायमची जागा मिळाली नाही. १९४० साली ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले आणि १९४५ मध्ये त्यांच्या हाताखालच्या चमूने फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केलं.

फार्बरना वाटलं, ॲनिमियात याने रक्त सुधारतं तर ल्युकेमियातही सुधारेल. त्यांनी फॉलिक ॲसिडच्या जातीची संयुगं मुलांना देऊन पाहिली. झालं उलटंच. आजार आणखी भडकल्यासारखा दिसला! दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. फार्बरनी प्रश्न उलटा करून पाहिला. हे दिल्याने ल्युकेमिया वाढत असेल, तर पेशींचं हेच खाद्य तोडलं तर? सुब्बारावांच्या चमूने फॉलिक ॲसिडसारखेच दिसणारे पण त्याचं काम अडवणारे पदार्थ तयार केले होते. त्यातला अमिनोप्टेरिन फार्बरनी डिसेंबर १९४७ च्या अखेरीस एका लहानग्याला द्यायला सुरुवात केली. हॉस्पिटलातल्या अनेक डॉक्टरांना हे मुळीच पटत नव्हतं. मरणाऱ्या पोरांना सुखाने जाऊ द्या, असं त्यांचं म्हणणं.

सोळा मुलांना औषध दिलं. त्यातल्या दहांमध्ये फरक पडला. रक्तातल्या रोगट पेशी कमी झाल्या, अंथरुणाला खिळलेली पोरं उठून चालू लागली. रक्ताच्या कॅन्सरने असं मागे हटणं वैद्यकाला नवीन होतं. ३ जून १९४८ रोजी हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातला पहिलाच शब्द होता 'तात्पुरती'. तात्पुरती सुधारणा. काही महिन्यांत आजार परत येत होता आणि या खेपेला औषध ऐकत नव्हता. फार्बरनी ते लपवलं नाही, शीर्षकातच घातलं.

आता तारखा जुळवून बघा. रेडिओचा कार्यक्रम २२ मे ला. निबंध त्यानंतर बारा दिवसांनी. म्हणजे देशभरातून डॉलर येत होते तेव्हा फार्बरच्या हातात काय होतं? दहा मुलांची काही महिन्यांची सुधारणा. बरं झालेलं मूल दाखवा म्हटलं असतं तर ल्युकेमियाचं एकही दाखवता आलं नसतं.

मला वाटतं, टीव्हीचं रहस्य इथे आहे. 'पैसे द्या, मुलं वाचतील' असं म्हणणं खोटं ठरलं असतं. 'पैसे द्या, मुलाला टीव्ही मिळेल' हे शंभर टक्के पाळता येण्याजोगं वचन होतं. माणसाला दिल्यानंतर काहीतरी घडलेलं दिसावं लागतं, ते टीव्हीने भागवलं. आणि ज्याची खात्री देता येत नव्हती त्याची खात्री कोणी दिली नाही. यामागचं डोकं होतं न्यू इंग्लंडच्या व्हरायटी क्लबचं. ही सगळी नाटक-सिनेमा धंद्यातली मंडळी. पिट्सबर्गमध्ये या क्लबची सुरुवात झाल्यानंतर लवकरच, १९२८ साली, कोणीतरी एक तान्हं मूल थिएटरात सोडून गेलं होतं आणि या लोकांनी ते सांभाळलं. तिथून मुलांसाठी पैसे उभे करणं हे त्यांचं व्रतच झालं. प्रेक्षक कशाने हलतो हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार!

अर्थात यात टोचणारी गोष्टही आहे. लाखो अनोळखी लोकांना जे कळलं ते त्या मुलाला स्वतःला माहीत नव्हतं. आजच्या हिशेबाने हे चालणार नाही, चालूही नये. पण दुसरी बाजू अशी की त्याचं खरं नाव आणि गाव त्यांनी जपलं, आणि तेही इतकं पक्कं की पुढे पन्नास वर्षं बाहेरच्यांना तो कोण होता ते कळलं नाही.

पैसे येत राहिले. थिएटरांत मध्यंतरात डबे फिरायचे, शाळकरी मुलांचे बेसबॉल संघ दारोदार जायचे. जानेवारी १९५२ मध्ये जिमी फंडाची स्वतःची इमारत उघडली. १९५३ साली ब्रेव्हज संघ बॉस्टन सोडून मिलवॉकीला गेला, तेव्हा शहरातल्या दुसऱ्या संघाने, रेड सॉक्सने, हे काम उचललं आणि ते आजही करतायत. त्यांचा टेड विल्यम्स हा महान खेळाडू आजारी मुलांना भेटायला जायचा, पण पेपरात छापून यायला नको अशी त्याची अट असायची. फार्बर स्वतः वॉशिंग्टनला खेटे घालू लागले. मेरी लास्कर या समाजसेविकेबरोबर त्यांनी खासदारांना सरकारी पैशांसाठी अक्षरशः भंडावून सोडलं. त्याची परिणती डिसेंबर १९७१ मध्ये निक्सनने सही केलेल्या कॅन्सरच्या कायद्यात झाली. फार्बर १९७३ साली गेले. त्यांची संस्था आज डेना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

आणि मुलं? एका औषधाने जे झालं नाही ते अनेक औषधं एकत्र दिल्याने होऊ लागलं. वर्गणीवरच उभ्या राहिलेल्या मेम्फिसच्या सेंट ज्यूड हॉस्पिटलात (ते १९६२ साली सुरू झालं) डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी जी उपचारपद्धत बसवली, तिने ल्युकेमियाची निम्मी मुलं बरी झाली. तात्पुरती नव्हे, बरी. सोळा मुलांपासून तिथवर पोचायला वीस वर्षं लागली. आज श्रीमंत देशांत या आजाराची दहातली नऊच्या आसपास मुलं वाचतात. आणि अमिनोप्टेरिनचं सख्खं भावंड असलेलं मेथोट्रेक्सेट अजूनही त्या उपचारांत आहे.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात एका सहकाऱ्याच्या सात वर्षांच्या मुलीसाठी आम्ही पैसे जमवले होते. ल्युकेमियाच. सगळ्यांनी मनापासून दिले. मुलगी राहिली नाही. नंतर हिशेब केला तेव्हा अडतीस हजार रुपये शिल्लक होते. वडिलांनी ते घ्यायला हात पुढे केला नाही. "तुम्हीच बघा काय करायचं ते," एवढंच म्हणाले. मग जेवणाच्या सुट्टीत आमची बैठक. अकाउंट्समधले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, संशोधनाला देऊ. त्यावर दुसरा म्हणाला, "अहो साहेब, अडतीस हजारांत काय संशोधन होणार? समुद्रात चिमूटभर मीठ. त्यापेक्षा दुसऱ्या एखाद्या मुलाच्या औषधांना देऊ." हात वर करून मतं घेतली. दुसऱ्या मुलाला द्यायचं ठरलं. मीही त्याच बाजूने हात वर केला आणि त्यात काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. समोर मूल असताना माणूस दुसरं काय करणार?

पण उठता उठता ते ज्येष्ठ सहकारी जे बोलले ते काही डोक्यातून जात नाही. म्हणाले, "त्या मुलाला जी औषधं मिळणार आहेत ना, तीही कुणाच्या तरी अडतीस हजारांतूनच आलीत."

खरंच आहे की. व्हाइट हाउसला आलेल्या प्रत्येक नाण्याला कोणी विचारलं असतं, दहा सेंटांत काय होणार, तर उत्तर काय होतं? काहीच नाही.

आपल्या देशातही संशोधनासाठी पैसा बाजूला काढणारे लोक होऊन गेलेत, आणि फार्बरच्या कितीतरी आधी. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियानेच गेल्या. सर दोराबजींनी पत्नीच्या नावाने १९३२ मध्ये जो न्यास स्थापला, तो ल्युकेमियाच्या संशोधनासाठी. तोही जगभरच्या, आपल्या देशापुरता नव्हे! विल्सबाई मुंबईत काम करत होत्या त्याच सुमाराची ही गोष्ट. पुढे १९४१ साली टाटांच्याच न्यासाने परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. हाफकिनपासून हे हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे.

आणि इथल्या संशोधनाचं महत्त्व वेगळंच. बॉस्टनमध्ये लागू पडलेली पद्धत मुंबईत जशीच्या तशी लागू पडत नाही. कुपोषित मूल कडक औषधं सोसत नाही, जंतुसंसर्गाने जातं. गावाहून आलेले आईबाप राहायला जागा नाही, मजुरी बुडते म्हणून उपचार अर्ध्यावर सोडून परत जातात. १९८० च्या दशकात टाटा मेमोरियल, चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचं एम्स यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेबरोबर 'एमसीपी ८४१' या नावाची एक उपचारपद्धत बसवली. आपल्या हॉस्पिटलांना झेपेल, आपल्या मुलांना सोसेल अशी. त्यानंतर बरं होणाऱ्या मुलांचं प्रमाण पुष्कळ सुधारलं. यात नवं औषध एकही नव्हतं. होती ती औषधं कशी, किती, केव्हा द्यायची याचाच शोध होता. हेही संशोधनच, आणि ते आपल्यासाठी दुसरं कोणी करून देणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, आणि अनेक गरीब व मध्यम देशांत ३० टक्क्यांहून कमी. ही दरी भरायची तर नुसती औषधं विकत घेऊन भागणार नाही.

आज माझ्या फोनवर आठवड्याला एखादं तरी आवाहन येतं. आजारी मुलाचा फोटो, पूर्ण नाव, नाकात नळी, आईचे डोळे. जमेल तेव्हा मी देतो. पण प्रत्येक मूल आपापल्या फोटोच्या जोरावर एकटं लढतंय हे पाहून कसंतरी होतं. ज्याचा फोटो चांगला आला नाही त्याचं काय? जिमीच्या वेळी नाव खोटं होतं आणि पैसे मात्र सगळ्यांच्या डब्यात पडले. पंचाहत्तर वर्षं होऊन गेली, तरी हा फरक मला मोठा वाटतो. म्हणून आता मी एक साधा नियम केलाय. एखाद्या मुलासाठी दिले की त्याच्या चौथा हिस्सा संशोधनाच्या खात्यात टाकायचा. चिमूटभर मीठ तर मीठ.

जिमीचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलंच. सगळ्यांनी धरून चाललं होतं की तो केव्हाच गेला असणार. १९४८ साली कॅन्सर झालेलं मूल जगतं थोडंच! पण पोटातला तो लिम्फोमा शस्त्रक्रिया आणि औषधांनी बरा झाला होता. १९९७ साली त्याच्या बहिणीने पत्र लिहून कळवलं, आणि १९९८ मध्ये, बरोबर पन्नास वर्षांनी, एनार गुस्ताफसन नावाचे साडेसहा फुटांच्या जवळपास उंचीचे, नातवंडांचे आजोबा असलेले एक ट्रक ड्रायव्हर लोकांसमोर आले. इतकी वर्षं रस्त्याने ट्रक हाकताना त्यांना जिमी फंडाचे फलक दिसले असतील, पण 'तो मी' असं सांगत ते फिरले नाहीत. २००१ साली ते गेले. वय ६५. कॅन्सरने नाही, पक्षाघाताने.

सुब्बारावांना हे काहीच बघायला मिळालं नाही. फार्बरचा निबंध छापून आल्यावर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, ते वयाच्या ५३ व्या वर्षी अचानक गेले. १९९५ साली आपल्या टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. आणि परळच्या त्या गिरणी कामगार बायका, ज्यांच्या रक्तापासून हे सगळं सुरू झालं, त्यांच्या नावाने कुठे डबा फिरला नाही. पुढच्या वेळी परळला गेलात तर हाफकिनवरून टाटा हॉस्पिटलकडे चालत जाऊन बघा. फार वेळ लागत नाही.